पाचवं पागोटं

मु. सोनखेडी, पो. डोणगाव, ता. मेहकर
भाऊबीज, ३० ऑक्टोबर १९६२

चि. वामन यास निवृत्तीचा आशीर्वाद.

अक्षर ओळखशील. एकवीस वर्षांत मी तुला जी चार कार्डं टाकली ती कुणी ना कुणी गेलं म्हणून टाकली, तेव्हा पहिलं हे सांगतो की कुणी गेलेलं नाही. मी आहे, फक्त दातांनी रजा घेतली. कौशल्या आहे. तू पाठवलेलं दिवाळीचं लुगडं सहदेव पोस्टमनने पोचतं केलं. तिने ते घेतलं आणि पेटीत ठेवलं. पेटीत वीस आहेत, हे एकविसावं. एकाचीही घडी मोडलेली नाही. नवऱ्याने बायकोला वर्षाकाठी एक लुगडं धाडावं आणि सोबत एक शब्द धाडू नये, ही तुझी रीत. ती लुगडं नेसत नाही, ही तिची.

पत्राला कारण नागपूरचा पेपर. तो डोणगावच्या मोटारीने दोन दिवस शिळा होऊन येतो आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोठ्याने वाचला जातो. आज वाचता वाचता तुझं नाव आलं. तू राज्यसभेत गेलास त्यानंतर पहिल्यांदाच. चीन हद्दीत घुसला, आणीबाणी पुकारली, आठ तारखेला सभागृह भरणार, हे आम्ही रेडिओवर ऐकलंच होतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात तू. तू म्हणे सूचना दिली आहेस की लढाईचा निर्णय पंतप्रधानांनी किंवा सरकारने एकट्याने करू नये. फौज पुढे धाडली तर ठरावीक दिवसांत सभागृहासमोर यावं, संमती घ्यावी, आणि ती संमती ज्याची त्याने हजर राहून द्यावी, कुणाची धरून चालू नये. आणि पेपरवाल्याला तू सांगितलंस, "माझ्या गावी पाटलालाही पाच पागोट्यांवाचून नगारा वाजवता येत नसे. मी सभागृहात तीच गोष्ट सांगणार आहे."

ओट्यावरच्या नव्या पोरांना काही उमजलं नाही. त्यांना वाटलं पागोटी म्हणजे सत्कार. मग मलाच सांगावं लागलं, की बाबांनो, पूर्वी शेजारच्या गावावर चालून जायचं असेल तर नगारा वाजायचा. नगारा मारुतीच्या देवळात आणि तो वाजवायच्या टिपऱ्या आमच्या घरच्या भिंतीतल्या देवळीत, म्हणजे पाटलाच्या एकट्याच्या हाती काहीच नाही. पाटलाला माणसं काढायची तर गावच्या पाच मोठ्या घरच्या कर्त्यांनी पारावर येऊन डोक्यावरचं पागोटं आपल्या हाताने उतरवून ठेवायचं. पागोटं ठेवलं म्हणजे होकार दिला. पाच मोजून झाली की मी टिपऱ्या द्यायच्या. चार झाली तर पाटलाने घरी जाऊन भाकर खावी. एखादा कर्ता परगावी असला तर त्याच्या घरच्या वडील माणसाने त्याचं पागोटं आणून ठेवावं, पण त्याचा निरोप असला तरच.

पोरं हसली. सरपंच नारायणराव हसला नाही. हा अर्जुनराव पाटलाचा थोरला. बाप पाटील होता, हा सरपंच आहे, खुर्ची तीच आहे. तो म्हणाला, "निवृत्तीबुवा, तुमचा भाऊ काऊन असा बोलून राह्यला? तिकडं पोरं बर्फात मरून राह्यले, अन् हा म्हणते आधी मले इचारा."

मी म्हणालो, "त्याले मरण ठाऊक आहे." तो पेपर उचलून घरी गेला. पण ओटा गप्प बसला नाही.

वामन, तुझी मागणी मला पटते. तू वकील, मी मराठी चौथी, तरी पटते. मागणी ठेव. फक्त ती पागोट्यांची गोष्ट सभागृहात सांगू नकोस. गावचं गावात राहू दे. वडील भावाचं एवढं ऐक.

निवृत्ती


८ नोव्हेंबर १९६२

चि. वामन,

तुझा कागद काल आला. तीन ओळी. सहदेवने मळ्यात आणून दिला. मी वांगी तोडत होतो, तिथेच बांधावर बसून वाचला. तू लिहितोस, "दादा, गोष्ट मी सांगणारच. पाच पागोटी झाली होती, रीत पुरी पाळली होती, तरी माझा मुलगा इंद्रभान गेला. दोष रीतीचा नव्हता, माझं पागोटं मला न विचारता देणारीचा होता."

आज तुमचं सभागृह भरलं असेल. हे पत्र तुला चार दिवसांनी मिळेल, तोवर कदाचित बोलून झालं असेल. तरी लिहितो. न लिहून माझं अन्न पचत नाही.

तू सांगशील तर नीट सांग. सन एकेचाळीस, होळीच्या आधीचे दिवस. तू नागपूरच्या जेलात होतास. का होतास तेही सांग. व्हाइसरॉयने कुणाला न विचारता, निवडून दिलेल्या एकाही माणसाला न विचारता, साऱ्या हिंदुस्थानाला लढाईत ओढलं. त्याविरुद्ध तू मेहकरच्या बाजारात एकटा उभा राहून बोललास आणि पकडला गेलास. त्या वेळी गावात तुला लोक वेडा म्हणाले. मीही म्हणालो.

इकडे गायरानाचं भांडण पेटलं होतं. ओढ्याच्या पलीकडचं गाव म्हणे गायरान आमचं. त्यांनी आमची जनावरं कोंडवाड्यात घातली, आणि माझ्या पवळ्या बैलाच्या मागच्या पायाची शीर तोडली. तो बैल मी वासरू असल्यापासून वाढवलेला. मामलेदाराकडे अर्ज केला होता, त्याला दीड महिना झाला होता. अर्जुनराव पाटील म्हणाले, आता नगारा. पारावर त्यांचं पागोटं पडलं, आणखी दोन घरांची पडली, माझं पडलं. चार. पाचवं घर तुझं. मग तुझं पागोटंही पडलं. कडूबा नगारेवाल्याने नगारा वाजवला. गोफणीचा एक धोंडा इंद्रभानच्या कानशिलाला लागला. वीस वर्षांचा होता. मी धावलो आणि हाताला लागलं ते त्याच्या डोक्याला गुंडाळलं. ते तुझंच पागोटं होतं, निघताना पारावरून उचललेलं. त्याच्याबरोबर ते जळलं.

तू सुटून आलास तेव्हा अंगणात उभ्या उभ्या मला विचारलंस, "माझं पागोटं कुठून आलं?" मी म्हणालो, "घरातून आलं." तू घरात गेलासच नाहीस. तसाच अकोल्याच्या मोटारीत बसलास.

असो. हे तुला सगळं माहीत आहे.

आता इथलं. परवा संरक्षण निधीची मिरवणूक निघाली. नारायणराव दारी आला, म्हणाला, "टिपऱ्या द्या, देवळातला नगारा काढून राह्यलो." मी म्हणालो, टिपऱ्या मिळणार नाहीत, एकेचाळीसपासून त्या देवळीतून निघालेल्या नाहीत. तो भांडला नाही. त्याने बाभळीच्या दोन काठ्या तासून घेतल्या आणि कडूबाच्या हाती दिल्या. नगारा वाजला. टिपऱ्यांवाचूनही तो तसाच वाजतो, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मी काय राखत बसलो होतो कोण जाणे.

दुपारचे चार वाजले असतील. नगारा ऐकला आणि कौशल्या घरातून निघाली. अनवाणी, हाताला पीठ लागलेलं, गायरानाच्या वाटेने पळत सुटली. साठीची बाई. एकेचाळीस साली नगारा झाला तेव्हा ती शेतात होती आणि अशीच पळाली होती, पोचेपर्यंत सगळं झालं होतं. परवा बायांनी तिला ओढ्याजवळ गाठलं आणि हाताला धरून आणलं. तिने घरी येऊन उरलेली भाकर थापली.

दुसऱ्या दिवशी तिच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं, "गद्दाराचं घर". तुझं नाव पेपरात आल्याचं हे फळ. तिला वाचता येत नाही. मी पुसायला गेलो तर तिने दाराआडून विचारलं, "भाऊजी, काय लिवलं आहे?" तुला ठाऊक आहे, मी भासरा म्हणून ती माझ्यासमोर कधी आली नाही, चाळीस वर्षं दाराआडूनच बोलते. मी म्हणालो, "काही नाही, दिवाळीचं शुभलाभ आहे."

ती म्हणाली, "कोयशानं?"

मी भिंत पुसली आणि घरी आलो. दुपारी पारावरून येताना मला अजून पागोटी दिसतात. उन्हात ठेवलेली, एका ओळीत पाच. मी मोजतो. रोज मोजतो. डोळ्यांना मोतीबिंदू धरला आहे, लांबून माणूस ओळखू येत नाही, पण ती दिसतात.

गोष्ट सांगू नकोस, वामन. तुझ्या पाया पडतो म्हणायची वेळ आणू नकोस, मी वडील आहे.

निवृत्ती


१२ नोव्हेंबर १९६२

वामन,

काल रविवार. मी वांगी आणि मिरच्या घेऊन डोणगावला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर पंचायतीच्या ओट्यावर दिवाबत्ती, आणि नारायणराव वहीत तोंड घालून बसलेला. म्हणाला, "या, तुमच्याच भावाचं काम चालू आहे." ठराव झाला होता. राज्यसभेचे सभासद वामनराव यांनी देश लढाईत असताना सरकारचे हात बांधण्याची भाषा केली, त्याबद्दल सोनखेडी ग्रामपंचायत त्यांचा निषेध करते. नक्कल दिल्लीला, एक पेपरला. खाली हजर पंचांची नावं. मीही पंच, तिसरं नाव माझं. ठराव एकमताने मंजूर.

मी म्हणालो, "मी तर बाजारात होतो."

नारायणराव म्हणाला, "तुमी घरचेच. तुमचं धरूनच चाललो."

वामन, हे त्याने वाईट बुद्धीने म्हटलं नाही. चांगल्या तोंडाने, हसून म्हटलं. मी ओट्यावर बसलो. मी उद्या या गावात नसलो, मेलो, जेलात असलो, तरी माझ्या नावाने माझा भाऊ गद्दार ठरणार, आणि कुणी मला विचारणार नाही. कारण मी घरचाच. बरोबर हेच मी तुझं केलं होतं.

आता वाच. मागच्या पत्रात मी लिहिलं, "मग तुझं पागोटंही पडलं." पागोटं आपोआप पडत नाही. ते मी ठेवलं.

चार पागोटी झाली होती आणि पाटील माझ्याकडे पाहत होते. म्हणाले, "निवृत्ती, वामनच्या घरचा वडील आता तूच." मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू. पवळ्या गोठ्यात तीन पायांवर उभा होता. मी तुझ्या दारी गेलो. कौशल्या दाराआडून म्हणाली, "ते आल्याबिगर पागोटं खुटीवरून हलनार नाही. त्यायचा निरोप आहे का?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मंग मलेही हक नाही, तुमालेही नाही." एवढं बोलून ती मागल्या दाराने शेतात गेली. तुरीची कापणी चालली होती. घर उघडं होतं. मी आत गेलो, खुंटीवरून तुझं पागोटं काढलं आणि पारावर नेऊन ठेवलं. पाटलांनी विचारलं, निरोप आला? मी म्हणालो, जेलातून आला.

हे तर आहेच. याच्या पुढचं मी एकवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. देवालाही नाही.

नगारा वाजायच्या आधी इंद्रभान पारावर आला. त्याच्या हातात काठी नव्हती. तो तुझ्यासारखाच, भांडणाला मागे. पागोटी पाहत उभा राहिला आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "मोठे बाबा, हे आमच्या बाबाचं आहे. त्यायनं सोताहून देल्लं का?"

मी म्हणालो, "हाव."

तो म्हणाला, "मंग मी मांगं कसा राहू?" आणि घरी जाऊन गोफण घेऊन आला.

दुपारी पारावर मला जी पागोटी दिसतात ती मी मोजतो असं लिहिलं होतं. मोजताना शेवटी तो विचारतो. रोज विचारतो, आणि रोज मी हाव म्हणतो. आज तरी नाही म्हणावं असं ठरवून मी पारावरून जातो, तरी तोंडातून हावच निघतं.

काल ओट्यावर मी डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि नारायणरावाच्या वहीवर ठेवलं. म्हणालो, हे माझं, मी माझ्या हाताने ठेवतो, आणि माझं म्हणणं 'नाही' असं आहे. मग सगळं सांगितलं, वर लिहिलं तेवढं, इंद्रभानसकट. आठ-दहा माणसं होती. म्हातारा कडूबा नगारेवाला पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "बुवा, टिपऱ्या तुमीच मह्या हाती देल्ल्या. पाच होते, मी मोजले. कोनाचे कसे आले ते पाह्यनं माह्यं काम नव्हतं."

मी म्हणालो, "माझं होतं."

नारायणरावाने वही पुढे ओढली. मग "एकमताने" खोडलं आणि "बहुमताने" लिहिलं, पुढे लिहिलं, निवृत्ती यांचा विरोध. ठराव मात्र जाणार आहे. तो माणूस वाईट नाही, पण त्याला ठराव हवा आहे.

तिथून कौशल्याच्या दारी गेलो. तिला सांगितलं. ती दाराआडून म्हणाली, "मले त्याच दिशी ठाव झालं होतं, भाऊजी. शेतातून आली तं खुटी रिकामी."

मी म्हणालो, "मंग वामनले काऊन नाही सांगितलं? एकवीस वर्स त्याचा शब्द नाही तुह्यावर."

ती म्हणाली, "त्यायनं इचारलं कुठं?"

खुंटी अजून रिकामी आहे. मी काल दारातून पाहिली. तिने तिच्यावर दुसरं काही कधी टांगलं नाही, दोरीसुद्धा नाही.

तू सभागृहात सांगितलं असशील की पाच पागोटी झाली आणि रीत पाळली गेली. चारच झाली होती. रीत मी मोडली. दोष कौशल्याचा नव्हता. ती एकटीच त्या दिवशी नाही म्हणाली होती.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

निवृत्ती


२२ नोव्हेंबर १९६२

वामन,

तुझं पाकीट काल आलं. आत दोन चिठ्ठ्या. माझ्या नावाची उघडी, तिच्या नावाची चिकटवलेली.

माझी वाचली. तू लिहितोस, सूचना चर्चेला आलीच नाही. चीनविरुद्धच्या ठरावाच्या वेळी सभागृहात सगळे उभे राहिले, तूही राहिलास, आपल्या पायांनी, कुणी उठवलं म्हणून नाही. गोष्ट सांगितली नाहीस, कारण माझी पहिली दोन्ही पत्रं खिशात होती, आणि "दादा पाया पडायची भाषा करतो म्हणजे आत काही आहे" असं तुला वाटलं. आणि शेवटी, "तुला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा लिहीन. कदाचित सुचणार नाही." बरं. मी वाट पाहीन. तो माझा हक्क नाही, पण पाहीन.

काल रात्री रेडिओवर सांगितलं की चीनने लढाई थांबवली. ओट्यावर कुणाला हसावं की रडावं कळेना. नारायणराव म्हणाला, "आपल्याले न इचारता आले अन् न इचारता चालले." मी त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहू लागला.

आता तिचं.

तिची चिठ्ठी मी उघडली नाही. सहदेवला सोबत घेऊन गेलो आणि दारात बसलो. ती आतून म्हणाली, "सहदेव, तू वाच. भाऊजीनं नको." माझ्यासमोर म्हणाली. मी मान खाली घातली. सहदेवने वाचलं. तू लिहिलं होतंस, "मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतो. मी घरी येऊ का? होय असेल तर होय कळव, नाही असेल तर नाही."

तिने ते दोनदा वाचून घेतलं. मग चुलीपाशी काही हलवण्याचा आवाज आला. सहदेवला पुढची डाक वाटायची होती, पण तो उठला नाही.

मग ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिवा."

मी टाक घेतला, हाच कागद मांडीवर घेतला.

ती म्हणाली, "लिवा, नको."

मी म्हणालो, "कौशल्या, नीट इचार कर. तो एकटा आहे, तूही एकटी. त्यानं कबूल केलं आहे."

ती म्हणाली, "एकवीस वर्स इचारच केला. त्यायनं इचारावं एवढंच मले पाह्यजे होतं. इचारलं. आता मह्या तोंडचं लिवा."

वामन, मी तुला सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो. माझ्या मनात आलं, दोघांचं भलं कशात आहे ते मला कळतं. तिला वाचता येत नाही. तू येशील, ती दार उघडेल, चार दिवस रुसेल, आणि मी मरण्याआधी हे घर पुन्हा घर होईल. तिच्या भल्यासाठीच. या पानाच्या अगदी खाली, जिथे खाडाखोड दिसते, तिथे मी "ये" लिहिलं.

आतून ती म्हणाली, "सहदेव, काय लिवलं ते वाच."

सहदेवने माझ्याकडे पाहिलं. तो सरकारी माणूस, खोटं वाचायची त्याला सवय नाही. म्हणाला, "काकू, ये, असं लिवलं आहे."

दार उघडलं. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा माझ्यासमोर आली. मी तिचं तोंड पाहिलं. इंद्रभानचा चेहरा तिच्यावर गेला होता, हे मला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "भाऊजी, पागोटं पुन्हा काहाडलं का?"

मी "ये" खोडलं. त्याच्यापुढे तिने सांगितलं ते लिहिलं. सहदेवने पुन्हा वाचून दाखवलं. मग तिने हंड्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली आणि कागदावर टेकवला. सहदेवकडून परत एकदा विचारून घेतलं की अंगठा त्याच शब्दाखाली पडला ना.

जाताना मी घरून बरोबर आणलेल्या टिपऱ्या तिच्या उंबऱ्यावर ठेवल्या. म्हणालो, या माझ्या घरी शोभत नाहीत. आज सकाळी दारावरून गेलो तेव्हा त्या तुझ्या खुंटीवर टांगलेल्या होत्या.

तिने आणखी एक सांगायला लावलं आहे, ते तिच्या शब्दांत लिहितो. "फुडच्या दिवायीले लुगडं धाडू नका. धाडायचं असन तं आंधी कागद धाडा, अन् कोनत्या रंगाचं पाह्यजे ते मले इचारा." हेही सहदेवने वाचून तपासलं आहे.

आज दुपारी पारावर चारच होती. इंद्रभानने विचारलं नाही. उद्या विचारील की नाही, ठाऊक नाही.

खालची खाडाखोड माझी. त्यापुढचा शब्द तिचा, आणि अंगठाही तिचाच.

निवृत्ती

(येथे दोन आडव्या रेघांनी खोडलेलं: ये)

नको.

कौशल्याबाई, निशाणी डावा अंगठा